नाही स्वीकारत, जा

मोह फुलला की माझी दोन बोटं आपोआप भुवईकडे जातात. याची मला आधी लाज वाटायची, आता वाटत नाही. एसटीत वाटत नाही, आठवडी बाजारात वाटत नाही, अंगणवाडीत पोरांसमोर तर मुळीच नाही. परवा पहाटे दार उघडलं आणि तो वास आला. गोड, किंचित आंबूस, घशाशी येऊन बसणारा. ज्यांना मोह म्हटलं की फक्त दारू आठवते, त्यांना हा वास समजावून सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. आमच्याकडे, नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत, हा वास आला की बाया झोपेतून उठून टोपली शोधतात. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि ठोकायला लागले. भुवईच्या मुळाशी, डोळ्याच्या कडेला, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीवर, गळ्याच्या हाडावर, काखेच्या खाली. सासूबाई ओसरीवर दात घासत होत्या. त्यांनी पाहिलं, चूळ भरली आणि विचारलं, "आला वाटते वास?"

"आला."

"मंग ठोक. अन् झालं का चाय मांड."

आमच्या घरात हे आता इतकं साधं झालं आहे. त्या वर्षी नव्हतं.

त्या वर्षी म्हणजे अस्वलानं मला धरलं, त्याच्या पुढच्या हंगामात. अस्वलाची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण लोकांना तेवढीच ऐकायची असते आणि मला तेवढीच सांगायची नसते. मोह वेचताना माणूस खाली वाकलेला असतो. अस्वलही मान खाली घालूनच फुलं खात येतं. दोघांनाही तेच फूल हवं असतं, दोघांचंही लक्ष जमिनीवर. असे आम्ही दोघं झाडाच्या बुडाला दोन बाजूंनी येऊन भिडलो. माझा डावा खांदा गेला, टाळू फाटली. माझी चुलत जाऊ सुलोचनाबाई शेजारच्या झाडाखाली होती. ती काठी घेऊन ओरडत आली आणि तिनं त्या अस्वलाला खरोखर हाणलं. गावात पुष्कळ शूर पुरुष आहेत, पण अस्वलाच्या पाठीत काठी घालणारी मी एवढी एकच पाहिली आहे. ती नसती तर हे लिहायला मी नसते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर रागावणार आहे.

गोंदियाच्या दवाखान्यात टाके पडले, खांदा जुळला, केस परत आले. हात आता डोक्यावर पूर्ण जात नाही, वेणी घालायला मान तिरकी करावी लागते, पण चालतं. चालत नव्हतं ते दुसरंच काहीतरी. घरी आले आणि अंगणात पालापाचोळा सळसळला की माझ्या हातातलं भांडं खाली पडायचं. कुणी मागून आलं की मी ओरडायचे. आपल्याच अंगणात, आपल्याच माणसाला पाहून. टाक्यांपेक्षा त्याची लाज जास्त.

दवाखान्यात समुपदेशनाला एक तरुण मॅडम होत्या. गोंदियाच्याच, त्यामुळे अर्धं हिंदी. त्यांनी मला हे ठोकणं शिकवलं. टॅपिंग म्हणतात त्याला. आधी तळहाताच्या कडेवर ठोकायचं, मग भुवईपासून खाली उतरत जायचं, आणि ठोकताना एक वाक्य म्हणायचं. "ताई, ये कोई जादू नहीं है हं," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांच्या गोळ्या बंद नाही करायच्या. शरीर घाबरलं ना, की त्याला थापटायचं, बस. छोटे बच्चे को थपकी देते हैं ना, वैसा." याचा किती उपयोग होतो यावर शिकलेल्या लोकांचंही एकमत नाही, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. मला ते आवडलं. माल विकणारा माणूस असं सांगत नाही.

वाक्य मात्र मला पहिल्या दिवसापासून रुचलं नाही. 'जरी मला भीती वाटत असली, तरी मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते.' आमच्या गावात असं कोण बोलतं? स्वीकारते! हार-तुरे स्वीकारतात, सत्कार स्वीकारतात. पण मॅडमनी सांगितलं म्हणून मी शहाण्या मुलीसारखी रोज म्हणायचे.

आणि लागू पडलं की! आधी अंगणातला पाला सोसला. मग हापशीपर्यंत एकटी गेले. अंगणवाडीत परत रुजू झाले. पोरांना माझं ठोकणं इतकं आवडलं की खिचडी मिळायच्या आधी सगळी रांगेत बसून नाकाखाली टकटक करायची, आणि एखाद्याची आई दारात येऊन विचारायची, "बाई, हे कोन्तं नवीन शिकवून राहिले?" धान कापणीला आला तेव्हा मी बांधावर जाऊन बसले. कापणीच्या बायांना पाणी दिलं. लोक म्हणायला लागले, इंदू सुधारली. मलाही वाटलं, आता काय, आता जंगल.

मग बोडी आली.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला बोडी आहे, पावसाचं पाणी अडवलेलं लहानसं तळं. तिच्या मातीच्या बांधापर्यंत, म्हणजे पाळीपर्यंत गाव आणि पाळीपलीकडे जंगल. पाळीवरून खाली उतरलं की पायवाट साजाच्या झाडांतून जाते आणि चालत गेलं की हाकेच्या अंतरावर माझा मोह. मी पाळीवर चढले आणि माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. छातीत धान कांडल्यासारखं व्हायला लागलं आणि मी परत फिरले. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. बोडीतले शिंगाडे काढून झाले, थंडी पडली, पाणी उतरलं, धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक निळं फुलून गेलं, आणि मी रोज सकाळी पाळीवर जाऊन, सगळ्या जागी ठोकून, ते गुळगुळीत वाक्य म्हणून, परत येत होते.

माणूस बरं होत असतं तेव्हा सगळे कौतुक करतात. थांबलं की सल्ले सुरू होतात. कुणी म्हणालं देवाला कोंबडं कबूल कर. कुणी म्हणालं हे अंगावर मारून घेणंच वाईट, त्यानं भीती आत जाते. पाळीखाली म्हशी घेऊन येणारे म्हातारे मोठ्यानं एकमेकांना सांगायचे, "पाह ना, मास्तरीन सोताच्याच थोतरीत मारून राहिली!" मी वरून ओरडायचे, "तुमच्या नाई ना मारून राहिली? मंग गप राहा!" ते हसायचे, मीही हसायचे, आणि तरीही माझा पाय पाळीखाली उतरायचा नाही. आमचे मालक, म्हणजे नवरा, गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला, शनिवारी यायचे. त्यांनी सगळ्यात गोड सल्ला दिला. म्हणाले, "सोड ना तो मोह. बाजारात भेटते ना." बाजारात काय भेटत नाही? पण तो मोह बाजारातला नव्हता.

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे शेत पुरुषांच्या नावावर, घर पुरुषांच्या नावावर, मोह बायांचा. कागदावर झाडं जंगलखात्याच्या जागेत आहेत, पण गावाला ठाऊक असतं कोणतं झाड कुठल्या बाईचं. माझं लग्न झालं त्या पहिल्या हंगामात सासूबाई मला तिथे घेऊन गेल्या. त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे मले माह्या सासूनं देल्लं. आता तुहं." बस, एवढंच. त्या घरात मला 'तुझं' म्हणून दिलेली ती एकच वस्तू. बाकी सगळं 'आपलं' होतं, म्हणजे कुणा दुसऱ्याचं.

आणि झाड राखायची रीत एकच. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला साफ करायचा, म्हणजे पडलेलं फूल दिसतं आणि मातीत मळत नाही. पूर्वी पाला पेटवून द्यायचे. आता वणवा लागतो म्हणून जंगलवाले मना करतात, तर आम्ही खराट्यानं झाडतो. ज्या बाईनं जागा झाडली, तिनं त्या वर्षी ते झाड वेचायचं. तिथे कुणी वाद घालत नाही. झाडणाऱ्या बाईला 'ऊठ इथून' म्हणायचं तोंड गावात कुणालाच नाही. आणि एक हंगाम दुसरीनं झाडलं की पुढच्या वर्षी ती सवयीनंच खराटा घेऊन जाते. अशी कितीतरी झाडं बिनबोभाट इकडची तिकडे झालेली मी पाहिली आहेत.

पळस लाल झाला, मोहाची पानं गळायला लागली, आणि एके दिवशी दुपारी सुलोचनाबाई आमच्याकडे आली. माझ्या हातचा चहा प्याली. माझ्या खांद्याकडे पाहिलं, तिथं हात फिरवला. मग कप खाली ठेवून म्हणाली, "इंदू, यंदा तुह्या मोहाचं मी पाहतो. तू कायले जीव काढून राहिली? मी झाडतो, मी वेचतो. वाळलं का तुह्या वाट्याचं तुले आनून देतो."

जिनं माझ्यासाठी अस्वलाला काठी घातली ती हे म्हणत होती. तिच्या डोळ्यांत कपट नव्हतं. कपट असतं तर बरं झालं असतं, मी तिथल्या तिथे भांडले असते. मी म्हटलं, "पाहू, बाई." ती गेली आणि मी चुलीपाशी बसून एवढी रडले की सासूबाईंनी भाताचं आधण उतरवून ठेवलं.

त्या रडण्यात भीती नव्हती. मला कळलं ते असं की आता माझ्या थांबण्याची सगळ्यांना सवय झाली होती. मी पाळीवरची बाई झाले होते. सकाळी म्हशी येतात, बगळे येतात, इंदू येते आणि परत जाते. थांबलेल्या माणसावर लोक रागावत नाहीत, त्याची सोय लावतात. माझीही सोय लागली होती. माझ्या वाट्याचं मला घरी आणून मिळणार होतं.

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, तुमचं ठोकणं अडकलं. त्या म्हणाल्या, "ताई, अटक गए ना? मग अस्वलावर नका ठोकू. या अटकण्यावर ठोका. जे खरंच वाटतंय ना, तेच बोला. अच्छी बात मत बोलो, सच्ची बोलो."

दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्याबरोबर पाळीवर आल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, दर चार पावलांना मला शिव्या देत. मी उभी राहून तळहाताच्या कडेवर ठोकायला सुरुवात केली. "जरी मी अडकले असले, तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "काय स्वीकारते म्हनून राहिली तू?"

"तसं म्हणायचं असते, माय."

"म्हंजे? झाड सुलोचनीले देऊन टाकलं का?"

"नाई!"

"मंग कायले स्वीकारते? तुले राग आला हाय. रोज पाहतो मी, भांडे आपटून राहतेस. राग आला तं राग आला म्हन ना!"

मी मॅडमच्या वाक्याची टवाळी करत नाही. ज्याला ते लागू पडतं त्यानं म्हणावं. स्वतःला स्वीकारणं म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणं नव्हे, हेही मला नंतर त्यांनी समजावलं, आणि ते खरंच आहे. पण माझ्या कानाला त्या शब्दात हार ऐकू येत होती, आणि हार म्हणत असताना माझं शरीर पुढे कशाला जाईल? मी पुन्हा ठोकायला लागले, आणि या वेळी जे तोंडाला आलं ते बोलले. भुवईवर: माहा पाय नाई उठून राहिला. डोळ्याच्या कडेला: नाई उठत तं नाई उठत. डोळ्याखाली: मले भेव लागते. नाकाखाली: अन् लय राग येते. हनुवटीवर: अस्वलाचा येते, सुलोचनाबाईचा येते, बाजारात भेटते म्हननाऱ्याचा येते. गळ्याच्या हाडावर: माही सोय लावू नोका. काखेखाली: झाड माहं हाय. नाई देत. नाई स्वीकारत, जा!

शेवटचं मी ओरडून म्हटलं असावं, कारण बोडीतले बगळे उठले. सासूबाई म्हणाल्या, "आता कसं!"

कुणाला वाटेल की मग मी तरातरा जंगलात गेले. छे. त्या दिवशी मी पाळीवरून खाली एक पाऊल टाकलं, आणि ते टाकून तिथेच ओकले. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे. मग एक दिवस परत पाळीवरच. माझी प्रगती अशी बैलासारखी, ओढ्यात बसणारी आणि मग आपल्या मर्जीनं उठणारी. पण एक फरक होता. आता परत फिरताना मी अपयशी होऊन फिरत नव्हते, चिडून फिरत होते. चिडलेलं माणूस दुसऱ्या दिवशी येतंच.

आजही मला कुणी विचारलं की या ठोकण्यानं नेमकं होतं काय, तर मी सांगते की भीती जात नाही. माझी गेलेली नाही. होतं एवढंच की थरथरणाऱ्या अंगाला कुणीतरी हात लावतं, आणि तो हात आपलाच असतो, त्यामुळे कुणाचे उपकार नसतात. तेवढ्या वेळात आपल्या मनात काय आहे ते आपल्याच भाषेत ऐकू येतं. मनातलं सगळं छान छानच असलं पाहिजे असं कुणी सांगितलं? माझ्या मनात शिव्या होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा आत पाय उचलायला जागा झाली.

मोहाच्या कळ्या फुगल्या. फांद्यांच्या टोकाला तपकिरी घोस दिसायला लागले. गावातल्या बाया खराटे घेऊन जायला लागल्या. मी म्हटलं, आज. उजाडल्यावर निघाले, ऊन चांगलं वर आल्यावर. अंधारात जाण्याची मर्दुमकी मला करायची नव्हती. खांद्यावर खराटा, हातात काठी. पाळीवर थांबून ठोकलं. साजाच्या झाडांत थांबून ठोकलं. वाटेत एक सरडा पाल्यातून गेला तेव्हा मी खाली बसले, घामानं भिजले, बसूनच ठोकलं आणि त्या सरड्याला आमच्या बोलीत काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मग उठले. झाडांपलीकडून खरखर, खरखर आवाज येत होता. अस्वलाचा नव्हता. तो आवाज कोणत्याही बाईला ओळखू येतो.

सुलोचनाबाई माझ्या मोहाखाली झाडत होती.

जागा जवळजवळ झालेली होती. फिक्या लाल मातीचं मोठं गोल अंगण, त्यावर खराट्याच्या रेघा, कडेला पाल्याचा ढीग. सुंदर झाडलं होतं. ती कामात हात राखणारी बाई नाहीच. मला पाहून तिच्या हातातून खराटा सुटला.

"तू काऊन आली?" ती जवळजवळ किंचाळली. "एकटी आली? डोकं फिरलं का तुहं?"

"झाडाले आली."

"मी झाडलं ना! तुले म्हटलं होतं ना मी!" मग तिचा आवाज फुटला. "त्या दिवशी तुहं डोकं मी धरलं होतं, इंदू. माह्या हातात होतं. तुले नाई आठवत, मले आठवते. मले तुले इथं पुन्हा नाई पाहाचं. म्हनून झाडलं. झाड नाई पाहिजे मले तुहं!"

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि तिला ढकलून द्यावंसंही वाटलं, दोन्ही एकदम. हिला वाटत होतं ही मला वाचवते आहे. आणि खरंच वाचवतही होती. पण अशानं मी जन्मभर हिच्या हातात डोकं ठेवून राहिले असते. जिथे मी पडले होते ती जागा बुंध्याच्या पलीकडे होती आणि तिकडे बघायची माझी छाती होत नव्हती. मी काठी खाली टाकली, डाव्या हातानं गळ्याच्या हाडावर ठोकत राहिले, आणि उजव्या हातानं खराटा खांद्यावरून काढून त्या स्वच्छ, रेघा उमटलेल्या मातीवर टेकवला. आणि झाडायला लागले.

धूळ उडाली. झाडायला तिथे काहीच नव्हतं. मी तिच्या रेघांवरून माझ्या रेघा काढत चालले, एका कडेनं, वाकून, एक एक पाऊल.

"काय झाडून राहिली वं?" सुलोचनाबाई म्हणाली. "साफच तं हाय."

"माह्या हातानं नाई झालं."

मला वाटलं आता ही भांडेल, नाहीतर रडेल, नाहीतर दंडाला धरून मला घरी ओढत नेईल. तिनं खाली वाकून माझी काठी उचलली, बुंध्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, जंगलाकडे तोंड करून. दोन-तीनदा काठी बुंध्यावर जोरात हाणली, लांबवर कुणाला ऐकू जावं अशी. मग पदरानं नाक पुसत, मागे न बघता म्हणाली,

"मंग नीट झाड. इकडं बुडापाशी पाला राहिला हाय."

बुडापाशी खरंच पाला राहिला होता. मी तिकडे गेले.